चौऱ्याऐंशी चौरस मीटर वगळून

असोळण्याच्या पंचायत बागेचा नकाशा
मीच काढला, ब्याऐंशी साली.
साखळी धरायला एक पोरगा होता,
सापांना भिणारा, नाव विसरलो.
जांभळाखाली आलो तर मधोमध एक चौकोन.
कागदावर मी लिहिलं :
‘चौऱ्याऐंशी चौरस मीटर वगळून.’
का वगळून, ते लिहायला रकाना नव्हता.

आता संध्याकाळी येऊन बसतो.
घसरगुंडी, तीन बाकं, न उडणारं कारंजं,
‘फुले तोडू नयेत’ची गंजकी पाटी.
मेंदीच्या कुंपणामागे काय आहे
हे बागेत येणाऱ्यांना ठाऊक नाही,
आणि ठाऊक आहे ते आता बागेत येत नाहीत.

गुडघाभर चिऱ्यांची भिंत. आत सात दगड.
बस्त्यांव तावोरा. त्याची आना रीता.
एका नावाची तीनच अक्षरं उरलीत,
बाकीची शेवाळानं खाल्ली.
‘आकी जाज’, इथे निजला आहे.
पोर्तुगीज मी जुने दस्त वाचण्यापुरतं शिकलो,
दगड वाचायला तेवढं पुरतं.

गाव नव्हतं तेव्हा. नुसती खारफुटी,
साळ नदी भरतीला हवी तिथे झोपायची.
बस्त्यांव होडीतून आला म्हणतात,
दोन डुकरं, एक फावडं आणि गरोदर बायको घेऊन.
पहिला बांध फुटला. दुसराही.
तिसऱ्यात त्यानं चिखल घातला, पेंढा घातला, बांबू घातले,
आणखी काय घातलं
ते कुणी धड सांगत नाही.
तिसरा टिकला. मग भात आलं,
भातामागून माणसं, माणसांमागून देऊळ,
इगर्ज, तंटे, सर्व्हे नंबर.

चौथा दगड हातभरच आहे.
त्यावरचं साल मी घरी येऊन ताडून पाहिलं.
दुसरा बांध फुटल्याचं तेच साल.
त्या रात्री नकाशाची घडी
मला नीट घालता आली नाही.

शेवटचा तावोरा बैराला गेला, तिथून लिस्बनला,
त्याचा नातू म्हणे स्विंडनला
गोदामात रात्रपाळी करतो.
जमीन पंचायतीला देताना दस्तात
एवढंच कलम होतं : नांगर नको, पाया नको.

पण दोन नोव्हेंबरला सातही दगडांवर
मेणबत्त्या असतात. कोण लावतं?
मी चार वर्षं अंदाज बांधत राहिलो.
पाचव्या वर्षी लवकर आलो.
झाडूवाली खुशाली वेळीप,
कपाळाला कुंकू, पदर खोचलेला,
वाऱ्याला पाठ करून काडी ओढत होती.
हातभर दगडावर तिनं
थोडी पेजही ओतली. लहान पोर ना, म्हणाली.

तुझी कोण लागतात ही?
कुणी नाही. आमच्या माणसांनी यांच्या बांधाला
डोकीवरून माती वाहिली.
आणि मग, मला इतकंही कळू नये
याची कीव येऊन बहुधा :
‘तीं न्हिदल्यांत म्हणून उदक भायर आसा.’

मी सरकारी माणूस. पाणी बाहेर आहे
ते मानशीच्या दारांमुळे, हे मला माहीत आहे.
दारांची मापं माझ्याच वहीत आहेत.
तरी पुनवेच्या भरतीला
मी एकदा भिंतीआड जाऊन
बस्त्यांवच्या दगडाखाली हात घातला.
माती ओली होती.
बोटं मी रुमालाला पुसली नाहीत.

आज पोरांचा चेंडू कुंपणापलीकडे गेला.
कुणी आत शिरेना. खुशालीनं झाडू टेकला,
वाकून चेंडू उचलला, बाहेर फेकला,
आणि म्हणाली, ‘सावकाश रे.’

पोरं तर
केव्हाच पळाली होती.